भुजंगराव आणि बेखोड इंजिन

बोरीच्या भुजंगरावाचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही, असं लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही. सावलीवर त्याचा भरवसा आहे. फक्त भर बाराला ती कुठं जाते, एवढंच त्याला तिला विचारायचं असतं.

एसटीत चढताना हा माणूस आधी पाटी वाचतो, मग कंडक्टरला विचारतो, आणि बसल्यावर शेजारच्याला हळूच म्हणतो, "तुमी कुठं जायलाव?" शेजाऱ्याचं आणि कंडक्टरचं जुळलं तरच तिकिटाला हात खिशात जातो. किलोभर गूळ आणला की घरी पुन्हा तोलतो. कमलबाईशी लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, पण अजून ती भाजीत मीठ टाकायला लागली की मागून आवाज येतो, "किती टाकलंस?" परवा ती म्हणाली, "चार बोटं. मोजून घ्या, पाचवं कपाळावर मारायला ठेवलंय."

हा शक त्याला बापाकडून मिळाला. बाप चंद्रभान बैलबाजारातला दलाल. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे, त्या काळातला. चंद्रभानचा एक कायदा होता: विकणाऱ्यानं चार माणसांसमोर जनावराची एक तरी खोड तोंडानं सांगायची. मग सौदा. सांगितलेल्या खोडीवर नंतर तक्रार नाही, आणि न सांगितलेली खोड आठ दिवसांत निघाली तर बैल परत अन् इसारही परत. एखादा म्हणाला, "माझा बैल बेखोड हाय," की चंद्रभान धोतराचा सोगा झटकून उठायचा. "चल रे भुजंगा. ज्याच्या दावणीला खोड न्हाई, त्याच्या जिभेला हाय."

आणि सगळ्या खोडींत वाईट कोणती? मारका बैल परवडतो, लांब उभं राहावं. लाथाड परवडतो. पण बसका बैल, म्हणजे औताला चालतो तोवर चालतो आणि एकदा बसला की शेपूट पिरगाळली तरी उठत नाही, असला बैल चंद्रभान फुकटसुद्धा घ्यायचा नाही.

हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

ट्रॅक्टर आले, बैलबाजार ओसरला, चंद्रभान गेला. भुजंगरावानं बरेच उद्योग करून पाहिले आणि शेवटी गवतावर येऊन थांबला. म्हणजे असं, की परभणी-जिंतूर रस्त्याला लग्नाची लॉन निघाली. पूर्वी लग्न दारात व्हायचं, आता हिरवळीवर लागतं. नवरदेवाला पावलाखाली हिरवं पाहिजे, फोटोवाल्याला त्याहून जास्त पाहिजे. हे गवत लग्नाच्या आधी सारखं कापावं लागतं. भुजंगरावानं कुठल्याशा ठेकेदाराकडून बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आणलं. जुनं, लाल, खाली पात्यांचं ताट, वर बैठक, अडीच-तीन क्विंटलचं धूड. त्यावर बसून तीन लॉन तो सांभाळायला लागला. त्यातलं मोठं व्यंकटरावांचं. बाकीचे दोन मालक व्यंकटरावांकडे बघून मान हलवणारे. ते ठेवतील त्याला ठेवणार, ते काढतील त्याला काढणार.

आता गंमत ऐका. सहा वर्षं झाली, पण कामावर असताना ते मशीन बंद झालेलं कुणी पाहिलं नाही. सकाळी एकदा सुरू केलं की काम संपेपर्यंत धडधड चालू. भुजंगराव झाडाखाली भाकर खातोय, मशीन शेजारी धडधडतंय. चहाच्या टपरीवर उभा आहे, मशीन रस्त्याच्या कडेला धूर सोडतंय. गुळाचा खडा तोलणारा माणूस पेट्रोल असं हवेत कसं सोडतो, याचं गावाला मोठं कोडं पडलं. कुणी म्हणालं, श्रीमंती दाखवायलाय. कुणी म्हणालं, बंद केलं तर दुसरा कुणी बसून पळवील असा शक. तिसरा तर्क असा की कमलबाईचा फोन ऐकू येऊ नये म्हणून. हा तिसरा तर्क बराच चालला. तो मीच सोडला होता, आता कबूल करायला हरकत नाही.

मागच्या वैशाखात मात्र वांधा झाला. व्यंकटरावांच्या लॉनवर सकाळचं लग्न. गवत आदल्या दिवशी कापायचं, पण एक पट्टा राहिला म्हणून भुजंगराव पहाटे आला. भर मध्यात मशीन थांबलं. "पेट्रोल संपलं," म्हणाला. पेट्रोल आणलं, टाकलं, तरी मशीन ढिम्म. चावी फिरवली, फिरवली, फिरवली. तोवर मांडववाल्यांनी चारी बाजूंनी गालिचे टाकले, सोफे लावले, आणि मधोमध हे धूड. बाहेर काढायला वाटच उरली नाही. शेवटी त्याच्यावर गुलाबी साटीन टाकलं आणि वर फुलांची कुंडी ठेवली. पाहुणे आले. एका आजीबाईनं देवक समजून हात जोडले. तिचं बघून तिच्या सुनांनी जोडले. तिसरीनं तर अक्षता टाकल्या.

हसून हसून मला पंगतीत ठसका लागला, पण व्यंकटराव हसले नाहीत. पाहुणे पांगल्यावर म्हणाले, "भुजंगा, तुळशीच्या लग्नापर्यंत ढंगाचं मशीन आण. न्हाई तर नांदेडचा माणूस तयार हाय. मग माझ्याकडचंबी काम जाईल अन् त्या दोघांकडचंबी."

म्हणजे तिन्ही लॉन गेली. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला नवा धंदा कोण देतो?

दिवाळीच्या आधी भुजंगराव परभणीला, गवताची मशीनं विकणाऱ्या योगीराजच्या दुकानात जाऊन आला. नवं मशीन एकच, पण इंजिनं दोन तऱ्हेची. एक साधं, कार्बोरेटरचं, त्याच्या जुन्यासारखं. दुसरं नव्या पद्धतीचं, इंजेक्शनवालं. त्यात किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. चोक ओढायची भानगड नाही, पेट्रोल कमी, आणि गवत दाट आलं तरी पात्याचा वेग पडत नाही. किंमत पन्नास हजारांनी जास्त.

"पन्नास हजार कशाचे?" भुजंगरावानं विचारलं.

"डोक्याचे," योगीराज म्हणाला. "ह्या इंजिनाला डोकं हाय."

घरी येऊन भुजंगराव रात्रभर कूस बदलत राहिला. कमलबाईला म्हणाला, "डोकं असलेलं जनावर लय वाईट. ते मालकाचं ऐकत न्हाई."

"मला काय सांगता," ती म्हणाली, "मी चौतीस वर्षं बघायलेय."

सल्ल्यासाठी तो गावातल्या पंडित मिस्त्रीकडे गेला. मी तिथंच बाकावर होतो. मला कुठंही बाक मिळतोच. पंडितनं तेलाचे हात चिंधीला पुसले आणि वैद्य नाडी बघतो तसा गंभीर झाला.

"भुजंगदादा, माझं ऐका. इंजेक्शनच्या नादी लागू नका. कार्बोरेटर म्हंजे आपल्या घरचं माणूस. कचरा अडकला, खोला, फुंका, बसवा. तिकडं ते डोकं बिघडलं की मशीन म्हंजे लोखंड. परभणीहून माणूस येणार, लॅपटॉप लावणार, मान हलवणार अन् बिल देणार."

भुजंगराव पटल्यासारखं हुं हुं करत होता. पण त्याचे डोळे पंडितच्या तोंडावर नव्हते. ते पंडितच्या मागं उभ्या असलेल्या मोटरसायकलवर होते.

"पंडित, ही गाडी तुझी ना? मागल्या दसऱ्याला घेतलेली?"

"हाव."

"हिला चोक कुठं हाय?"

पंडित गाडीकडे बघायला लागला, जणू पहिल्यांदाच दिसली. "हिला… नसतो. आता सगळ्या गाड्या तशाच यायल्यात."

"म्हंजे इंजेक्शन."

"आता येतंच तसं, दादा, आपण काय करावं?"

"बिघडली का कधी?"

"अजून तरी न्हाई."

"अन् माझा कार्बोरेटर वर्षातून किती वेळा खोलतोस?"

पंडितनं चिंधी खांद्यावर टाकली आणि आतून पाना आणायला गेला. तो पाना त्याला बराच वेळ सापडला नाही.

तुम्ही म्हणाल, झालं, ठरलं. छे! भुजंगरावाचा शक असा एका बाजूला कलंडत नाही. पंडित खोटा ठरला म्हणजे योगीराज खरा ठरला, असं थोडंच आहे? वाटेत मला म्हणाला, "मिस्त्री त्याच्या पोटासाठी बोलायलाय, दुकानदार त्याच्या पोटासाठी. माझ्या पोटासाठी कोण बोलायलाय?"

"मी बोलू का?" मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चपलेतला खडा काढायला वाकलो.

शेवटी त्यानं बापाचा रस्ता धरला. योगीराजला निरोप धाडला: जनावर वावरात चालवून बघितल्याबिगर सौदा नाही. तुळशीच्या लग्नाला चार दिवस उरले असताना योगीराज टेम्पोत नवं मशीन घालून व्यंकटरावांच्या लॉनवर आला. बरोबर त्याची पुतणी शिवकन्या, आयटीआय झालेली, दुकानातली दुरुस्ती तीच बघते. व्यंकटराव खुर्ची टाकून बसले. मी होतोच. भुजंगरावानं आधीच अर्ध्या लॉनवर जुन्या मशीननं पट्टे मारून ठेवले होते, आणि ते मशीन लिंबाखाली नेहमीसारखं धडधडत उभं होतं.

"हे बंद करा की!" योगीराज ओरडला. "बोलायला यीना!"

"असू द्या. मला ऐकायला यायलंय."

योगीराजनं मशीन उतरवलं. "कोरं करकरीत. परवाच खोक्यातून काढलं. मीटर बघा, दोन तास. तेबी दुकानातल्या दुकानात."

भुजंगरावानं मशीनला दोन फेऱ्या घातल्या. बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा बैठकीवरून फिरवला. चाकाला दाबून पाहिलं. पायाच्या पट्टीवर अंगठा घासला आणि अंगठ्याकडे बघत राहिला. मग वर बसला.

नळ गळतो त्या कोपऱ्यात हरळी गुडघ्यापर्यंत माजली होती. जुनं मशीन तिथं कण्हायचं आणि मागं झुबके सोडायचं. नवं तिथं नुसतं थोडं जोरात हुंकारलं आणि पार निघून गेलं. मागं गालिचा. भुजंगराव वळला, थांबला, चावी फिरवून मशीन बंद केलं. लगेच सुरू केलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. भर उन्हात, तापलेल्या इंजिनावर, अकरा वेळा. मी मोजलं. अकराही वेळा पहिल्या झटक्यात उठलं. अकराव्या वेळी भुजंगरावाच्या तोंडावर काहीतरी झालं. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जाऊन सगळं नीट दिसल्यावर बापाचं होतं तसं. पण ते त्यानं लगेच पुसलं.

योगीराजला चेव आला. "आता पेट्रोलची परीक्षा करू. दोन्हीत एकेक लिटर टाका. कुणाचं आधी संपतं अन् कोण आधी बंद पडतं, बघूच!"

"नको," भुजंगराव पटकन म्हणाला.

व्यंकटराव खुर्चीत सरळ झाले. मीही कान टवकारले. गूळ दोनदा तोलणारा माणूस मापाला नको म्हणतो? शिवकन्येनं मात्र फक्त एकदा लिंबाखालच्या धडधडीकडे पाहिलं.

"बरं, खोड सांगा," भुजंगराव म्हणाला.

"कसली खोड?"

"ह्या इंजिनाची. चार माणसं बसलीत. एक खोड सांगा, मग भावाचं बोलू."

योगीराज हसला. "अहो, नवी टेक्नॉलॉजी हाय ही! हिला खोडच न्हाई."

भुजंगराव उठला. धोतर नव्हतं, पँट होती, तरी सोगा झटकल्यासारखा हात केला. मला वाटलं, गेला सौदा, गेली तिन्ही लॉन. पण तो शिवकन्येकडे वळला.

"पोरी, ह्याला डोकं हाय म्हनतात. मग ह्याला ध्यानात ऱ्हातं का?"

"ऱ्हातं की, मामा. किती तास चाललं, काय काय बिघडलं, सगळं. हा डबा जोडला की वाचता येतं."

"जोड बरं."

"कशाला उगं…" योगीराज म्हणाला, पण पोरगी कामाची. तिनं वायर जोडली आणि डब्यावर आलं ते मोठ्यानं वाचलं, काकाच्या तोंडाकडे बघायच्या आधी वाचलं, "त्रेसष्ट तास."

लिंबाखालचं मशीन धडधडत होतं, म्हणून बरं. नाहीतर त्या शांततेत माणूस गुदमरला असता.

"वरचं मीटर दोन म्हनतंय," भुजंगराव सावकाश म्हणाला, "अन् आतलं त्रेसष्ट. पायाच्या पट्टीचा रंग मला आधीच सांगायला होता, पण रंगाला जबान न्हाई. बोला, योगीराज शेठ. कुठं चरून आलं जनावर?"

योगीराज घाम पुसायला लागला. मशीन दोन-तीन ठिकाणी दाखवायला फिरवलं होतं. मीटर नवं बसवलं होतं. "धंद्यात करावं लागतं, भुजंगराव," असं काहीसं तो पुटपुटला. व्यंकटराव म्हणाले, "आता घेऊन जा हे."

"थांबा मालक," भुजंगराव म्हणाला. "खोटं माणूस बोललं. इंजिन तर धन्यावर उलटून खरं बोललं. माझ्या बापानं हजारभर बैल विकले, त्यातला एकबी असा बोलला न्हाई." मग शिवकन्येला म्हणाला, "आता तूच सांग पोरी. ह्याची खोड काय?"

तिनं काकाकडे पाहिलं नाही. "तीन हायेत. बॅटरी बसली तर जुन्यासारखं ओढून-ताणून सुरू व्हत न्हाई. चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून मशीन गोठ्यात उभं केलं अन् उंदरानं वायर कुरतडली, तर ते लटकून बसतं. अन् पंडितदादांच्या हातचं न्हाई ते. मलाच यावं लागल. मी दुसऱ्या दिवशी येईन. त्याच दिवशी येईन असं म्हणत न्हाई."

"ह्याला म्हनतात विकणं!" भुजंगराव खुश होऊन म्हणाला. "घेतलं. हेच घेतलं, इंजेक्शनचंच. पण त्रेसष्ट तासांचं जे व्हतं ते भावातून काढा. अन् माझं जुनं अदलाबदलीत घ्या."

योगीराज मुकाट्यानं हो म्हणाला. व्यंकटरावांनी खुर्ची मागं सारली. मला वाटलं, संपली गोष्ट. तेवढ्यात शिवकन्या लिंबाकडे गेली.

"मामा, हे बंद करा. इंजिनाचा नंबर लिहून घ्यायचाय."

"चालू असतानाच बघ की."

"खाली हाय नंबर. हात भाजल. करा बंद."

भुजंगराव जागचा हलला नाही. बैलाला दावणीला ओढतात तसे त्याचे पाय ओढत ओढत मशीनजवळ गेले. हात चावीवर गेला आणि तिथंच राहिला.

"हे मशीन कुठं जाणार, पोरी?"

"सोनपेठचं एक गिऱ्हाईक हाय. शाळेचं मैदान करतो. आजच नेणार हाय."

भुजंगरावानं चार माणसं मोजली: व्यंकटराव, योगीराज, शिवकन्या, मी. बापाच्या कायद्याला बरोबर चार. माझ्याकडे बघून त्याला जास्तच वाईट वाटलं असणार, कारण माझ्या कानात पडलेलं बोरीत पोचायला एसटी लागत नाही.

त्यानं चावी फिरवली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते भर कामात आपल्या हातानं बंद केलं, आणि लॉनवर पाखरांचा आवाज ऐकू आला.

"आता हे अर्धा तास सुरू व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "थंड असलं की उठतं. तापलं अन् बंद केलं की बसतं. पहिल्या दिवसापासून हाय. पंडितनं वीसदा खोललं. बसकं हाय. लिहून घे."

एवढीशी गोष्ट! सहा वर्षांची ती धडधड, रस्त्याकडेचा तो धूर, भाकरीच्या वेळचं ते जळणारं पेट्रोल. श्रीमंती नव्हती, चोराचा शक नव्हता, आणि बिचाऱ्या कमलबाईच्या फोनचा तर काहीच संबंध नव्हता. बसक्या बैलाला बसू न देण्यासाठी माणूस सहा वर्षं त्याच्या शेजारी उभा होता.

"मला ठाऊक होतं," शिवकन्या लिहिता लिहिता म्हणाली. "मघा लिटरच्या परीक्षेला नको म्हणालात तेव्हाच कळलं, थांबलं की हे उठत न्हाई."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"खोड विकणाऱ्यानं सांगायची ना, मामा?"

व्यंकटराव मात्र लालबुंद झाले होते. "म्हंजे वैशाखात पेट्रोल संपलं, पेट्रोल संपलं करत होतास ते?"

"संपलंच होतं, मालक. पण त्यानं ते थांबलं एवढंच. उठलं न्हाई ते त्याच्या खोडीनं. सहा वर्षं बसका बैल तुमच्या मांडवात आणला मी. तुमाला पाहिजे तर नांदेडवाल्याला बोलवा."

व्यंकटरावांनी एकदा बंद मशीनकडे आणि एकदा भुजंगरावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नांदेडवाल्याला मी त्याचं मशीन कसं हाय म्हणून विचारलं होतं. म्हणाला, एकदम बेखोड." आणि उठून आत गेले. जाताना म्हणाले, "तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मोठं लग्न हाय. आदल्या संध्याकाळी ये. त्या दोघा मालकांनाबी सांगतो."

योगीराजनं त्रेसष्ट तासांचं जे सोडलं होतं, ते बसक्या मशीनच्या किमतीतून जसंच्या तसं कापून घेतलं. पन्नास हजार जास्त ते जास्तच राहिले. भुजंगरावानं दोन्ही कागद घरी नेऊन पुन्हा जुळवले. जुळले. त्याचाही त्याला थोडा शक आलाच.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी संध्याकाळी काम आटोपून तो नवं मशीन घेऊन टपरीवर आला. कडेला लावलं आणि आम्हा सगळ्यांसमोर ऐटीत बंद केलं. चहा आला. त्यानं कप उचलला, ओठापर्यंत नेला, खाली ठेवला. उठला, मशीन सुरू केलं. सुरू झालं. बंद करून येऊन बसला. कप उचलला. पुन्हा खाली ठेवला.

पाचव्यांदा उठला तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं, "चहा पुन्हा गरम करू का?"

"कर," भुजंगराव चावी फिरवत म्हणाला, "पण त्यात पानी घालू नकोस."